आखाजीनंतरचा बुधवार : अमळनेरहून जळगावला, ठरवून केलेल्या सिझरसाठी

आखाजीच्याच, म्हणजे आमच्या खान्देशातल्या अक्षय्य तृतीयेच्याच दिवशी बाळ व्हावं, असं आमच्या घरात जवळपास ठरून गेलं होतं. छत्तिसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळ पायाळू दिसलं. डोकं वर, बूड खाली. काही बायकांच्या पोटावरून हातानं बाळ फिरवून बघतात, पण माझ्या गर्भाशयात पाणी कमी होतं, म्हणून डॉक्टर मॅडमनी तो प्रयत्न केला नाही. सिझर करायचं ठरलं आणि मोठी काकू लगेच म्हणाली, "ऑपरेशन करनंच शे, ते आखाजीलेच करी ल्या ना." साडेतीन मुहूर्तांतला दिवस, लेकी माहेरी आलेल्या, दारात झोका बांधलेला. मलाही ते पटलं होतं.

मॅडमनी कॅलेंडरवर बोट ठेवून मोजून दाखवलं. आखाजीला अडतीस आठवडे आणि एक दिवस होत होता. तातडीचं कारण नसेल तर ठरवलेलं सिझर एकोणचाळीस आठवडे पूर्ण झाल्यावरच करतात. त्याआधी काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते, कारण फुप्फुसांतलं पाणी ओसरायची तयारी शेवटच्या दिवसांत चालू असते. आठ दिवस आधीच्या मुहूर्तासाठी बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर? काकूला हे एकदाच सांगावं लागलं. तिनंच पुढे सगळ्यांना समजावलं. तारीख ठरली आखाजीनंतरच्या बुधवारची.

आखाजीला मेंदी मात्र काढली, बोटांच्या पेरांवर आणि नखांवरसुद्धा. ही माझी चूक. थिएटरमध्ये बोटाला जो ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतात, त्याला माझ्या नखांवरून नीट आकडा मिळेना. शेवटी तो कानाच्या पाळीला लावला. मेंदी तळव्यावर हौसेनं काढा, नखं मोकळी ठेवा, नेलपॉलिशही नको. खालचे केस घरी वस्तऱ्यानं काढू नका. बारीक कापतं आणि तिथून जंतू शिरतात. लागलंच तर दवाखान्यात मशीननं काढतात.

मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता निघालो. मे महिन्यात दुपारी गाडी काढायची हिंमत आपल्याकडे कोण करतो? धरणगाव, पाळधी, मग बांभोरीजवळ गिरणेचा पूल आणि जळगाव. अंतर साठ किलोमीटरच्या आतलं, पण मी दोनदा लघवीला उतरले. शेवटच्या आठवड्यात हा वेळ धरूनच निघा. तारखेआधी कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेलं तर तारखेची वाट बघायची नसते, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. बाळ पायाळू असेल तर पाणी गेल्यावर नाळ खाली घसरण्याचा धोका असतो. आडवं व्हायचं, 108 ला फोन करायचा आणि दवाखान्याला कळवायचं. माझ्या भावानं गाडीत पेट्रोल भरून ठेवलं होतं आणि रात्री किल्ली दाराच्या खिळ्याला अडकवायचा. मला त्यामुळे खरंच शांत झोप लागायची.

पिशवीत काय घ्यावं याच्या याद्या सगळ्यांकडे असतात, मी चारच गोष्टी सांगते. समोरून उघडणारे सैल सुती गाऊन, कारण परकराची नाडी बरोबर टाक्यांवर येते. मोठे पॅड, कारण सिझर झालं तरी अंगावरून रक्त जातंच, कधी कधी सहा आठवडे. एक घट्ट छोटी उशी. आणि नळीचा पेला, पडल्यापडल्या पाणी पिण्यासाठी. सोनोग्राफीचे कागद, रक्तगटाचा रिपोर्ट आणि माता-बाल कार्ड एकाच फाइलमध्ये ठेवा. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर ते आधीच ठसवून सांगा. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बहात्तर तासांच्या आत आईला इंजेक्शन द्यावं लागतं.

पैशांचं एक वाक्य लिहिते. खासगी दवाखान्यात 'पॅकेज' सांगितलं की त्यात भुलेचे डॉक्टर, बाळाचे डॉक्टर आणि औषधं धरली आहेत का, हे लिहून मागा. आम्ही विचारलं नाही आणि सुटी होताना अंगावर आलं. सरकारी रुग्णालयात 2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझर, औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त आणि सात दिवसांपर्यंतचं जेवण मोफत आहे, घरी सोडणारी गाडीसुद्धा. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. माझी मावसबहीण धुळ्यात तशीच बाळंत झाली.

रात्री नऊला खिचडी खाल्ली. "बारानंतर पाणीसुद्धा नाही" असं वॉर्डात सांगितलं होतं. त्या उकाड्यात माझी जीभ टाळूला चिकटायला लागली. भुलेचे डॉक्टर आले तेव्हा विचारलं, तर ते म्हणाले, जेवण सहा तास आधी बंद, पण साधं पाणी दोन तास आधीपर्यंत घोट घोट चालेल. म्हणजे हे भुलेच्या डॉक्टरांना विचारावं, आणि ते सांगतील तेच करावं.

सकाळी आठला थिएटर. दंडावर काटा येईल इतकं थंड. मला टेबलावर पाय सोडून बसवलं, हनुवटी छातीला लावायला सांगितली आणि पाठ मांजरीसारखी वाकवायला. इतक्या मोठ्या पोटावरून वाकणं हेच जड जातं. एका सिस्टरनी माझे दोन्ही खांदे धरले आणि कपाळ स्वतःच्या खांद्यावर टेकवून घेतलं. पाठीला गार औषधाचा बोळा, मग मुंगळा चावल्यासारखी टोच, मग पायात कोमट पाणी ओतल्यासारखं. पाचेक मिनिटांत अंगठा हलवते म्हटलं तर हलेना. पाठीतल्या या इंजेक्शननं कंबर जन्मभर दुखते असं आपल्याकडे घरोघर सांगतात, तसं होत नाही. थोड्या जणींचं डोकं दुखतं. बसलं की वाढतं, आडवं झालं की कमी होतं. तसं झालं तर लपवू नका, त्यावर उपाय आहेत.

आडवं केल्यावर एकदम मळमळलं, कानात घुं घुं आवाज आला, जीव घाबरा झाला. मी बोलू का नको या संकोचात होते. तेवढ्यात डोक्याशी उभे असलेले भुलेचे डॉक्टरच म्हणाले, "बीपी खाली गेलंय, आत्ता ठीक होईल." सलाईनमधून औषध गेलं आणि मिनिटभरात बरं वाटलं. हे पुष्कळ जणींना होतं. वाटलं की लगेच सांगायचं.

पुढचं दुखत नाही, पण कळतं. कुणीतरी भरल्या पोत्यात हात घालून ढवळतंय आणि ओढतंय तसं. चिरा दिल्यापासून दहा मिनिटांच्या आत बाळ बाहेर येतं, माझं तर त्याहूनही लवकर आलं, आधी बूड, मग पाय, शेवटी डोकं. रडण्याआधीचे ते काही क्षण मी पडद्याच्या हिरव्या कापडावरचा एक शिवलेला फाटका भाग बघत होते. अजून तो डोळ्यांपुढे आहे. मग रडणं ऐकू आलं. सिस्टरनी बाळाचा गाल माझ्या गालाला लावला, ओला आणि गरम. टाके घालायला मात्र अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागला. त्या वेळात मी थडथड कापत होते. तो ताप नसतो, भुलेनंतर असं होतं. पांघरूण मागून घ्या. बाहेरून मायचा आवाज आला, "आंडेर व्हयनी!" म्हणजे मुलगी झाली, आणि ती रडायला लागली.

तासाभरात बाळाला छातीशी घेतलं. कुशीवर वळून पाजायचं, म्हणजे टाक्यांवर भार येत नाही. पहिलं पिवळसर चिकाचं दूध थेंबथेंबच असतं आणि बाळाला तेवढं पुरतं. एक आजी बोटाला मध लावून आल्या होत्या. वर्षाच्या आतल्या बाळाला मध धोक्याचा असतो, त्यातून क्वचित पण गंभीर विषबाधा होते. मायनं त्यांचा हात हळूच धरला आणि म्हणाली, "माय, मध राहू द्या, आशीर्वाद द्या." हे काम बाळंतिणीवर सोडू नका. दाराशी बसणाऱ्या माणसाला आधीच नेमून ठेवा.

या सगळ्या प्रवासातला अवघड टप्पा थिएटर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उठणं हा आहे, आणि त्याबद्दल मला कुणीच नीट सांगितलं नव्हतं. लघवीची नळी काढली आणि सिस्टर म्हणाल्या, चला. मी सरळ उठून बसायला गेले आणि पोटातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. आयाबाई मावशी पुढे झाल्या. म्हणाल्या, सरळ नाही उठायचं ताई. आधी गुडघे मोडून कुशीवर वळा. पाय पलंगाखाली सोडा. मग खालच्या कोपरानं आणि वरच्या हातानं गादी दाबत अंग उचला, पोटानं उचलू नका. बसल्यावर दोन मिनिटं तशाच थांबा. मग उभ्या राहा आणि वाकून चालू नका. टाके तुटत नाहीत. त्यांनी माझ्या मनातलीच भीती ओळखली होती. उभी राहिले तेव्हा अंगावरून एकदम रक्त गेलं आणि मी किंचाळले. पडून राहिल्यानं साठलेलं ते रक्त असतं. तेवढ्यावर थांबलं तर घाबरू नये. बाथरूमपर्यंत अकरा पावलं होती. पुढच्या वेळी तीच अकरा पावलं सोपी गेली. चालल्यानं पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो आणि पोटातला वारा सरतो. वाऱ्याचं दुखणं खांद्यापर्यंत चढतं आणि मला ते टाक्यांपेक्षा जास्त छळलं. खोकला, शिंक, हसू आलं की ती छोटी उशी टाक्यांवर घट्ट दाबायची.

वेदनेच्या गोळ्या घड्याळाच्या वेळेला घ्या, दुखायची वाट बघू नका. डॉक्टर पाजणाऱ्या आईला चालतील अशाच गोळ्या लिहून देतात. दुखणं दाबून पडून राहिलं की चालणं होत नाही, पाजणं होत नाही.

तिसऱ्या दिवशी छाती दगडासारखी झाली, दूध उतरलं, आणि मी विनाकारण हमसून रडले. हे होतं. पण दोन आठवड्यांच्या पुढेही उदास वाटत राहिलं, झोप उडाली, बाळ नकोसं वाटलं तर डॉक्टरांना सांगायचं. हे दुखणं आहे, त्यावर औषध आहे. बाळाला बीसीजी, पोलिओचा डोस आणि चोवीस तासांच्या आतली काविळीची लस मिळाल्याची नोंद कार्डावर आहे ना, ते सुटी होण्याआधी बघा. आणि जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत.

शनिवारी सकाळी साडेसहाला, ऊन चढायच्या आत परतलो. गाडीचा पट्टा पोटाच्या खाली मांडीवरून घेतला, पट्टा आणि टाके यांच्यामध्ये उशी. भाऊ प्रत्येक गतिरोधकाआधी "ताई, आला" म्हणायचा. जळगाव ते अमळनेर तेवढ्या रस्त्याला दोन तास लागले आणि ते योग्यच झालं.

घरी माझ्या खोलीत बाज टाकलेली होती आणि खाली शेगडी तयार. बाहेर त्रेचाळीस अंश. मायच्या हातची शेक नाकारणं मला जिवावर आलं होतं, कारण तिला ती माया दाखवायची दुसरी रीत ठाऊक नाही. पण घामानं टाके ओले राहतात, चिघळतात, आणि धूर बाळाच्या छातीला वाईट. मी तिला तसंच सांगितलं. शेगडी गेली, कूलर आला, थेट झोत बाळावर नाही असा. हातापायांना आणि पाठीला तेल लावायचं काम तिनं ठेवलं, पोट सोडून. टाके रोज आंघोळीत साध्या पाण्यानं धुवायचे, सुती फडक्यानं टिपून कोरडे करायचे, वर हळद किंवा राख काही लावायचं नाही.

खाण्यावरून पुन्हा बोलणं झालं. केळी थंड म्हणून बंद! केळ्यांच्या जिल्ह्यात बसून मी तीन दिवस केळ्याकडे बघत होते, आणि शौचाला जोर लावावा लागत होता, जो टाक्यांवर येतो. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, केळी, पपई, पालेभाजी, भरपूर पाणी, सगळं खा. भाकरी-वरण, मेथीची भाजी, अळिवाची खीर हे तर चालतंच.

"कळा कुठे दिल्या तिनं," असं एक पाहुणी माझ्यासमोर म्हणाली. मला ते फार लागलं. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली चारातली एक बाळंतपणं सिझरनं झालेली दिसतात. म्हणजे त्या खोलीत बसलेल्यांपैकीही कुणाच्या तरी पोटावर ती रेघ असणार. मी एवढंच म्हटलं की माझं बाळ पायाळू होतं आणि आम्ही दोघी सुखरूप आहोत.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर फोनवर थांबू नका, दवाखाना गाठा : ताप, टाक्यांतून पू किंवा वास, तासाभरात पूर्ण पॅड भिजणं, एका पोटरीला सूज आणि दुखणं, दम लागणं, खूप डोकं दुखून डोळ्यांपुढे चमकणं. बाळाहून जड काही सहा आठवडे उचलायचं नाही, पाण्याची भरलेली कळशी तर नाहीच. टाक्यांच्या वरची कातडी महिनोन्‌महिने बधिर राहते, त्यानं घाबरू नका.

सहाव्या आठवड्यात तपासणीला पुन्हा जळगावला गेले, या वेळी रेल्वेनं. पुढच्या बाळासाठी निदान दीड-दोन वर्षं थांबायला सांगितलं आणि तेव्हा सगळं जुळलं तर नैसर्गिक बाळंतपणही होऊ शकेल, असंही. तुमचं बाळ पायाळू असेल तर त्याच फेरीत बाळाच्या खुब्यांची सोनोग्राफी मागून घ्या. अशा बाळांचा खुबा सैल असण्याची शक्यता जास्त असते. लवकर कळलं तर पट्ट्यानं बरं होतं, उशीर झाला तर चालणं लंगडं होतं. माझ्या कागदावर ती लिहिलेली नव्हती. मी विचारलं म्हणून केली. लेकीचे दोन्ही खुबे जागेवर आहेत.