हेक्लाच्या राखेचे थर: थ्योर्सारदालुर खोऱ्यात जाणाऱ्यांसाठी

हेक्ला या ज्वालामुखीच्या स्फोटक उद्रेकांचा हिशेब लावायला शिखर चढावे लागत नाही. आइसलँडच्या थ्योर्सारदालुर खोऱ्यात वाऱ्याने कापलेले मातीचे कडे पुरतात. जुलै-ऑगस्ट बरा, एरवी डोंगरी वाटा बहुधा बंद. बंद गॉगल हवाच, प्यूमिसची (हलक्या, सच्छिद्र ज्वालामुखी दगडाची) धूळ डोळे सोडत नाही.

कड्याच्या दर्शनी भागावर विसंबू नका. वरची राख ओघळून खालच्या थरांवर बसलेली असते. थापीने वीतभर आत उभी, सपाट भिंत तासा आणि आधी खुणेचे थर गाठा: 1104 चा पांढरा प्यूमिस, त्याखाली 870 च्या दशकातला दुरंगी थर (खाली फिकट, वर गडद), मग हेक्लाचाच सुमारे 3000 वर्षांपूर्वीचा एच-3 नावाचा थर आणि त्याहून जुना एच-4. काळे थर रंगावरून ओळखायच्या फंदात पडू नका. कात्ला या दुसऱ्या ज्वालामुखीची राखही काळीच.

जाडी तीन ठिकाणी मोजा. गोठण-वितळणीने माती उंचवट्यांत फुगते, थरही वाकतात. तळाची सीमा रेखीव आणि कण टोकदार असतील तर राख पडली तशीच आहे. कण गुळगुळीत, मातीत मिसळलेले आणि थर खळग्यातच जाड, तर ती वाहून आलेली, मोजणीतून वगळा.

खरी मेख मधल्या मातीत आहे. हेक्ला जितका जास्त काळ शांत, तितका पुढच्या उद्रेकाचा आरंभ सिलिकायुक्त आणि जोरकस. म्हणून दोन थरांमधली मातीही मिलिमीटरमध्ये नोंदवा. पण 870 च्या दशकाच्या सुमारास माणसांची वसाहत झाली, आणि त्यानंतर जंगलतोड आणि मेंढ्यांमुळे धूप वाढली, माती भराभर साचू लागली. 870 च्या थरावरची 10 सेंमी माती आणि खालची 10 सेंमी माती म्हणजे सारखा काळ नव्हे. इथेच बहुतेकांचे गणित चुकते.

नमुने तळाकडून वर घ्या, म्हणजे सांडलेली राख खालच्या थरात मिसळत नाही. थराच्या मध्यातून मूठभर पुरे. दर वेळी थापी पुसा. पिशवीवरची शाई ओलीने पुसट होते, म्हणून पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी वेगळ्या छोट्या पिशवीत घालून आत ठेवा. प्रयोगशाळेत राखेतल्या काचकणांचे रासायनिक घटक मोजताना त्यांच्यावरचा इलेक्ट्रॉन झोत फार बारीक ठेवला तर सोडियम निसटते आणि सिलिका फुगून दिसते.

एका कड्यावरून उद्रेकाचा आकार ठरवू नका. वारा राख एका बाजूला नेतो. 1947 ची तर फिनलंडपर्यंत गेली. निरनिराळ्या दिशांना कडे तपासून समजाडीच्या रेषा (सारख्या जाडीची ठिकाणे जोडणाऱ्या) काढा. स्तोंगच्या जुन्या शेतघराच्या अवशेषांजवळ खणू नका, आणि निघताना खड्डा बुजवून गवताचा थर परत बसवा; उघडी राहिलेली माती पहिल्याच वादळात उडू लागते.