दुपारची टीएमटी नॉर्मल, पहाटेचं दुखणं मात्र खरं

पहाटे पाचला छाती आवळते, दहा मिनिटांत सुटते. तोच माणूस संध्याकाळी तीन जिने न थांबता चढतो. दुपारी बाराला ट्रेडमिलवर चालवलं की रिपोर्ट येतो 'निगेटिव्ह', आणि दुखणं ॲसिडिटीच्या खात्यात जमा होतं. इथेच चुकतं: हे दुखणं हृदयाच्या धमनीच्या स्पॅझमचं, म्हणजे ती अचानक आकसल्याचं, असू शकतं.

टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालताना ईसीजी घेण्याची चाचणी, मुळात धमनीतला कायमचा अडथळा शोधण्यासाठी आहे. ब्रूस प्रोटोकॉल या नेहमीच्या पद्धतीत दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो: सुरुवात ताशी २.७ किमी आणि १० टक्के चढ, मग ४ किमी आणि १२ टक्के. हृदयाची मागणी वाढते, अरुंद धमनी पुरी पडत नाही आणि ईसीजीच्या रेषेतला एसटी सेगमेंट हा भाग खाली जातो. स्पॅझममध्ये मागणीचा प्रश्न दुय्यम. धमनीच आकसते आणि पुरवठा तुटतो. पूर्ण बंद झाली तर एसटी वर उचलला जातो, अर्धवट आकसली तर खालीही जातो. म्हणून एसटी खाली गेला की ब्लॉकेजच, असं धरून चालत नाही.

वेळेचं महत्त्व जपानमधल्या यासुए आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये दाखवून दिलं. प्रिन्झमेटल अँजायनाच्या (स्पॅझममुळे होणाऱ्या छातीदुखीच्या) १३ रुग्णांना त्यांनी ट्रेडमिलवर चालवलं. पहाटे तेराच्या तेरा जणांना छातीदुखीचा झटका आला, दुपारी फक्त दोघांना. पहाटे धमनी आधीच आवळलेली असते, थोडा व्यायामही पुरतो. दुपारी ती सैलावलेली असते.

त्यामुळे शंका स्पॅझमची असेल तर 'टीएमटी करा' एवढं लिहून भागत नाही. वेळ लिहा: शक्य तितक्या पहाटे. डिल्टियाझेम, अॅम्लोडिपिन किंवा नायट्रेट ही धमनी सैल करणारी औषधं चालू असतील तर चाचणी खोटी नॉर्मल येऊ शकते. पण गोळ्या रुग्णाने मनाने बंद करायच्या नाहीत. अचानक थांबवल्यावर झटके उसळतात. वारंवार झटके येत असतील तर ही चाचणी टाळलेलीच बरी. करायची तर डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) आणि नायट्रोग्लिसरीन हाताशी हवं, कारण स्पॅझमबरोबर घातक अऱ्हिथमिया (ठोक्यांची गडबड) येऊ शकतो.

पट्टा थांबला की लगेच इलेक्ट्रोड काढण्याची घाई सगळीकडे दिसते. स्पॅझम पुष्कळदा रिकव्हरीतच, म्हणजे चालणं थांबल्यानंतर, उमटतो. किमान सहा ते आठ मिनिटं ईसीजी चालू ठेवा, आणि दुखत असेल तर एसटी जागेवर येईपर्यंत. जुना क्यू वेव्ह (आधीच्या हार्ट अटॅकची खूण) नसलेल्या लीडमध्ये, म्हणजे ईसीजीच्या रेघेत (एव्हीआर आणि व्ही१ या लीड सोडून), एसटी १ मिमी वर गेला तर पट्टा तिथेच थांबवायचा, जिभेखाली नायट्रेट द्यायचं आणि ईसीजी छापत राहायचा. औषधाने एसटी झरझर खाली उतरला तर तो कागद रिपोर्टला जोडा. निदानासाठी तो आकड्यांच्या तक्त्यापेक्षा जास्त बोलतो. एसटी उतरलाच नाही तर मात्र हा हार्ट अटॅक धरून पुढची धावपळ.

पहाटेची चाचणी निगेटिव्ह आली तरी स्पॅझम नाही असं म्हणता येत नाही. झटक्यांच्या वेळी होल्टर (अंगावर बाळगायचं ईसीजी यंत्र) लावता येतो. तरी शंका उरली तर कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफीच्या खोलीत) अॅसिटिलकोलिन हे औषध देऊन स्पॅझम घडवून पाहतात. ते अनुभवी हातांचं काम.

टीएमटी 'पॉझिटिव्ह' आली की बीटा ब्लॉकर (हृदयाची गती कमी करणारी गोळी) लिहून देण्याची सवय आहे. अँजिओग्राफीत धमन्या मोकळ्या दिसल्या तर त्या गोळीचा पुन्हा विचार करा: १९७९ च्या त्याच अभ्यासात प्रोप्रॅनोलॉल या बीटा ब्लॉकरने पहाटेचे झटके थांबले नाहीत, डिल्टियाझेमने थांबले.