दरडोई १३४०

रविवार, रात्री.

काल जुन्नर आणि नाणेघाट झालं. पाय बोलतायत. पण झोप उडालीय ती पायांमुळे नाही.

संध्याकाळी ग्रुपवर म.चा हिशेब आला. दरडोई १३४०, खाली नऊ नावं, आणि शेवटची ओळ : काकांचे धरलेले नाहीत.

धरलेले नाहीत!

ही म्हणाली, "वाचले की तेवढे. प्रेमाने करतायत पोरं." असेल. सकाळी तीन हात नाक्यावर गाडीत चढलो तर पुढची खिडकी माझ्यासाठी राखलेली. या खिडकीसाठी पूर्वी भांडावं लागायचं. लेण्याद्रीला दहा पायऱ्या चढलो नाही तोच हातातली पिशवी काढून घेतली. तेव्हा बरं वाटलं होतं.

नाणेघाटाच्या तोंडाशी तो दगडी रांजण. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याचा माल याच वाटेने जुन्नरला चढायचा आणि जकातीची नाणी या रांजणात पडायची, असं सांगतात. आत डोकावलं. पावसाचं पाणी आणि वेफर्सचं पाकीट. तरी मला तो रांजण आवडला. घाट चढलास ना, मग टाक नाणं. काका आहेस का, कोणी विचारत नव्हतं.

गुहेतल्या ब्राह्मी लेखात यज्ञाच्या दक्षिणेचा हिशेब आहे, किती गाई, किती कार्षापण नाणी, सगळं आकड्यांनिशी. दोन हजार वर्षांपूर्वीचं! माझ्यातला कारकून खूश. मागच्या भिंतीशी राजघराण्याचे पुतळे होते. सिमुक, नागनिका, सातकर्णी ही नावं वर कोरलेली आहेत. खाली पुतळे नाहीत, पावलांच्या खुणा तेवढ्या. म. म्हणाला, "काका, तुमचं नाव ऑफिसात कुठे कोरायचं?" सगळे हसले. मीही हसलो. जाऊ दे.

पण वर्गणीचं जात नाही डोक्यातून. बावीस वर्षं ती मी गोळा केली, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. एक रुपया इकडचा तिकडे नाही. कोणाची घ्यायची नाही तेही मीच ठरवायचो. वाईच्या सहलीत थोरल्या साहेबांना मीच म्हणालो होतो, "साहेब, तुमचे राहू द्या." त्यांनी उघडलेलं पाकीट मिटलं आणि खिशात ठेवायला बराच वेळ लावला. मला वाटलं, भारावले. पुढच्या वर्षी आले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले.

माझे गुडघे ठीक आहेत.

आत्ता उठून दिवा लावला, वही काढली. १३४० गुणिले नऊ, १२०६०. आणि माळशेजचा चहा? त्याचे २०० मी दिले, ते कुठेच नाहीत! म्हणजे १२२६०, भागिले दहा, दरडोई १२२६. चहा वजा जाता माझ्याकडून १०२६ येणं, आणि नऊ जणांना प्रत्येकी ११४ परत.

म.ला बेरीज कधीच जमली नाही. सकाळी आधी त्याला फोन.