ट्रे उचलून बघायला लागलो तेव्हा रोपं जगली

आमच्या जुन्नर भागात टोमॅटोची रोपं हल्ली बहुतेक जण नर्सरीतूनच आणतात. गेल्या फेब्रुवारीत मात्र मी उन्हाळी लागणीची रोपं घरी करायला घेतली. ९८ कप्प्यांचे ट्रे, कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुश्याच्या, ५ किलोच्या विटा आणि घरामागं शेडनेट. बी टाकून ट्रे एकावर एक रचले, काळ्या कागदानं झाकले. पाचव्या दिवशी कोंब दिसले तसे लगेच पसरून ठेवले.

चुकलं ते पाणी देण्यात. गादीवाफ्यावर, म्हणजे मातीच्या उंच वाफ्यावर, रोपं करायची सवय अंगात मुरलेली: वरची माती पांढरी पडली की झारी धरायची. कोकोपीटचा वरचा थर तर उन्हात तासाभरात फिका पडतो. ते बघून मी दिवसातून तीनदा पाणी मारत होतो. नवव्या दिवशी एका ट्रेच्या कोपऱ्यातली रोपं आडवी झाली. एक उचललं. पानं हिरवीगार, पण बुडाशी देठ दोऱ्याएवढा बारीक आणि पाणचट. संध्याकाळपर्यंत शेजारचे कप्पेही गेले. मर लागली होती.

आईनं कप्प्यातला गड्डा काडीनं वर काढून चिमटीत दाबला. वरून कोरडा, तळातून पाणी गळालं. "पाण्यावाचून नाही रे, पाण्यात बुडून मेलीत," ती म्हणाली. खरंच होतं. कोकोपीट पाणी फार धरून ठेवतं, त्यात कप्पा उथळ, म्हणून तळ निथळत नाही. मुळांना हवा मिळत नाही आणि पिथियमसारखी बुरशी पाण्यातूनच पसरते.

जी वाचली त्यांच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. नारळाच्या भुश्यात मुळातच क्षार असतात, म्हणून तो धुवायचा असतो. मी धुतला होता, पण बोअरच्या पाण्यानं! ईसी, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं माप, मोजला तर बोअरचा १.९ आणि शेततळ्याचा ०.४. जीव हळहळला.

सगळं पुन्हा केलं. कोकोपीट रात्रभर भिजवून शेततळ्याच्या पाण्यानं तीनदा धुतलं, मुठीत दाबल्यावर दोन-चार थेंबच पडतील इतकं निथळलं, ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी मिसळली. एक ट्रे मुद्दाम माती आणि शेणखताचा भरला. रोज सकाळी ट्रे दोन्ही हातांनी उचलून बघायचो. हलका लागला तरच पाणी. चारनंतर अजिबात नाही, रात्री पानं ओली राहू नयेत म्हणून. कोकोपीटमध्ये स्वतःचं अन्न जवळजवळ नसतंच, तेव्हा खरी पानं फुटल्यावर लिटरला १ ग्रॅम १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत सुरू केलं.

पंचविसाव्या दिवशी लागण केली. कोकोपीटमधली रोपं अख्ख्या गड्ड्यासकट निघाली, भोवती पांढऱ्या मुळांची जाळी. मातीच्या ट्रेमध्ये मर कमी होती, पण पाणी बसून माती घट्ट झाली होती. रोप ओढलं की माती सुटायची आणि मुळं तुटायची. ती रोपं बांधाकडच्या शेवटच्या सरीला लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी माना टाकल्या, सावरायला आठवडा गेला. बाकीच्या सऱ्या तोवर नवं पान काढत होत्या.