तुम्ही विचारलंत म्हणून: एचपीएलसीच्या एका रिपोर्टला दोन दिवस का लागतात

औषध कारखान्याच्या क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात मी बरीच वर्षे काम करते आहे, आणि उत्पादन विभागातल्या सहकाऱ्यांपासून घरी येणाऱ्या पाहुण्यांपर्यंत सगळे मला एकच विचारत आले आहेत: एचपीएलसी यंत्राची सुई आपोआप नमुना ओढते, आकडाही संगणकच काढतो, मग एका बॅचच्या रिपोर्टला दोन दिवस का लागतात आणि तुम्ही तिथे नेमके काय करता? आजवर मी हा विषय टाळत आले, पण आता एकदा सविस्तर सांगते.

यंत्र मिश्रणातले पदार्थ वेगळे करते आणि मोजते; त्यापलीकडे काही करत नाही. २५ सेंटिमीटर लांबीच्या पोलादी नळीत, म्हणजे कॉलममध्ये, ५ मायक्रॉनचे सिलिकाचे कण ठासून भरलेले असतात आणि त्यांच्यावर अठरा कार्बनांच्या साखळ्या जोडलेल्या असतात. पंप त्यातून बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण) आणि अ‍ॅसिटोनायट्राइल हा द्रावक यांचे मिश्रण मिनिटाला १ मिलिलिटर वेगाने ढकलतो; जो रेणू त्या साखळ्यांना अधिक धरून राहतो तो उशिरा बाहेर येतो. शेवटी डिटेक्टर अतिनील प्रकाश किती शोषला गेला एवढेच नोंदवतो, पदार्थाचे नाव तो सांगत नाही. आठव्या मिनिटाला आलेला पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, आपल्या औषधाचा आहे असे म्हणता येते ते केवळ स्टँडर्डही (त्याच औषधाचा प्रमाणित नमुना) त्याच दिवशी, त्याच कॉलमवर आठव्या मिनिटाला आले म्हणून. बफरचा पीएच थोडा जरी हलला तरी ज्यांच्यावर विद्युतभार येतो त्या रेणूंची वेळ सरकते. शिवाय जे शोधायला पद्धत रचलेलीच नाही ते तिला दिसत नाही. २०१८ मध्ये वाल्सार्टन या रक्तदाबाच्या औषधात एनडीएमए ही कर्करोगाचा धोका असलेली अशुद्धी सापडली, तेव्हा नेहमीच्या चाचण्यांत उत्तीर्ण झालेल्या बॅचेसही बाजारातून परत मागवाव्या लागल्या होत्या.

म्हणून वेळ जातो तो यंत्रावर विश्वास ठेवता येईल की नाही हे तपासण्यात. मोबाइल फेज, म्हणजे पंपाने ढकलायचे ते मिश्रण, गाळायची, त्यातली विरलेली हवा काढायची, बेसलाइन, म्हणजे आलेखाची पायाची रेघ, स्थिर होईपर्यंत कॉलममधून ती वाहू द्यायची. मग ब्लँक (औषध नसलेले नुसते द्रावण), मग स्टँडर्डची सहा इंजेक्शने, आणि त्यांच्या पीकखालच्या क्षेत्रफळांतला (त्यावरूनच प्रमाण काढतात) फरक मर्यादेत आला तरच नमुना. अशुद्धींच्या चाचणीत एकेक इंजेक्शन अर्ध्या तासाचे असेल तर नमुन्याची पाळी येईपर्यंत अर्धा दिवस सरलेला असतो.

पण हे सगळे सांगूनही मुख्य गोष्ट राहतेच. एका बॅचमध्ये एका अशुद्धीचा छोटा पीक मुख्य पीकच्या उतारावर बसलेला आला. मर्यादा ०.२० टक्के. दोन पीकमधल्या दरीतून सरळ खाली रेघ टाकली तर आकडा ०.२३ येत होता. उताराला स्पर्श करणारी तिरकी रेघ ओढून वरचाच भाग मोजला तर ०.१८. रिझोल्यूशनची, म्हणजे दोन पीक पुरेसे सुटे येण्याची, अट पूर्ण झाली होती, कारण ती तपासण्याच्या द्रावणात दोन्ही पदार्थ सारख्या प्रमाणात असतात. प्रत्यक्ष नमुन्यात मुख्य पदार्थ शेकडो पटींनी जास्त असतो आणि त्याची शेपटी शेजाऱ्यावर पसरते. रेघ कशी ओढावी हे पद्धतीत लिहिलेलेच नव्हते. आधीच्या सगळ्या बॅचेस सरळ रेघेने मोजल्या होत्या.

माल पाठवायचा दिवस ठरलेला होता. उत्पादन विभागातले वरिष्ठ स्वतः माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, तिरकी रेघ शास्त्राला धरून आहे, हे तुम्हालाही माहीत आहे." मला ते माहीत होते. मोठ्या पीकच्या उतारावरचा छोटा पीक सरळ रेघेने मोजला की त्याच्या वाट्याला मोठ्याचा थोडा भाग जातो, आणि म्हणून ०.१८ हा आकडा सत्याच्या अधिक जवळ असण्याची शक्यता होती. तरीही मी नकार दिला, कारण आकडा पाहून झाल्यावर रेघ निवडली तर उद्या प्रत्येक बॅचला तिच्या सोयीची रेघ मिळेल. अमेरिकेतल्या बार लॅबोरेटरीजच्या खटल्यात १९९३ मध्ये न्यायालयाने उत्तीर्ण आकडा येईपर्यंत पुन्हापुन्हा चाचण्या करत राहण्यालाच आक्षेप घेतला होता. माझ्या दृष्टीने ही त्याचीच दुसरी वाट होती. चौकशीत प्रयोगशाळेचा दोष आढळला नाही, बॅच नाकारली गेली आणि पुढे नष्ट झाली. त्या वरिष्ठांनी त्यानंतर कामापुरतेच बोलणे ठेवले. त्याचे मला वाईट वाटले, आजही वाटते.

नोकरीला लागले तेव्हा पडद्यावरचा आकडा म्हणजे नमुन्यातले सत्य, असे मी मानत असे. तेव्हाच्या त्या मुलीशी, म्हणजे स्वतःशीच, माझा वाद अजून चालू आहे. ती म्हणते, बॅच चांगली असण्याचा संभव असताना तू ती नाकारलीस. मी म्हणते, नियम आधी ठरलेला नसेल तर चांगली कोणती हे ठरवायचे कशावरून? पुढे पद्धत सुधारली गेली, बफरचा पीएच बदलला, दोन्ही पीक पूर्ण सुटे झाले, पण नव्या पद्धतीने तपासायला ती बॅच उरली नव्हती. तिचा क्रोमॅटोग्राम, म्हणजे पीकचा तो आलेख, मी नव्या मुलांना प्रशिक्षणात आकडे झाकून दाखवते आणि रेघ ओढायला सांगते. काहीजण सरळ ओढतात, काहीजण तिरकी, आणि दोन्हीकडच्यांना कारण विचारले तर ते नीट सांगता येते.