चिनी वही: ‘छांग’ आटोपला, ‘वेइ’ सुरू

परीक्षेच्या यादीतले शब्द ओळीने घोकायचा कंटाळा आला, म्हणून या खेपेला एकच क्रियापद धरून बसले: चाखणे. चिनीत ‘छांग’, चढत्या सुरातला. शब्दकोश म्हणून प्लेको, उजळणीच्या कार्डांसाठी अँकी आणि हाताने लिहायला चौकटीची वही, एवढंच सामान.

नव्यांसाठी लिपीबद्दल दोन शब्द. प-फ, त-थ, क-ख या जोड्या चिनीला लागतात तशाच आपल्याकडे तयार आहेत, म्हणून पिनयिनमधला, म्हणजे चिनीच्या रोमन लेखनातला, ‘डी’ मी ‘त’ लिहिते आणि ‘टी’ला ‘थ’. स्वर नावापुरताच असला की ‘च्र’ किंवा ‘छ्र’. आणि ‘चहा’तला च वेगळा, ‘चव’मधला वेगळा, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तोंडाला चिनीत ‘च्वेइ’ म्हणतात, त्यातला च अगदी चवीतला. इंग्रजीतून शिकणारे इथे महिनोन्‌महिने अडकतात, आपण सुटतो. सुरांपुढे मात्र आपणही त्यांच्याच पंगतीला.

खाण्याचं चिनीही मराठी माणसाला जवळजवळ फुकटात मिळतं. ‘छ्र-ख्वेइ’ म्हणजे शब्दशः खोट खाणे, आणि अर्थही तोच. ‘छ्र-खू’ म्हणजे कडू खाणे, अर्थात कष्ट काढणे. मार, शिव्या, लाच, भाव, कच, गटांगळ्या असं सगळं खाणाऱ्या भाषेतून आलेल्याला यात नवल वाटत नाही. प्रेमात जळफळाट होणं म्हणजे ‘छ्र-छू’, व्हिनेगर खाणे, एवढं एक लक्षात ठेवलं की झालं.

चाखण्याचं तसं नाही, ते कमवावं लागतं. रोजच्या बोलण्यात ‘छांग’ सरळ आहे. ‘छांग-छांग-खान’ म्हणजे ‘चाखून बघ’, आणि त्यातल्या ‘खान’चा अर्थ खरोखर बघणे. करून बघ, बसून बघ, विचारून बघ, सगळं चिनीतही असंच ‘खान’ लावून होतं. पण जुन्या लिखित भाषेत हाच ‘छांग’ ‘पूर्वी कधी’ या अर्थाने येतो. चाखलं म्हणजे अनुभवलं, अनुभवलं म्हणजे एकदा होऊन गेलं, अशी ती वाट. म्हणून ‘वेइ-छांग’ म्हणजे ‘कधी नाही’ आणि ‘वेइ-छांग-पू-ख’ म्हणजे आपलं ‘हरकत नाही’. दोन नकार एकमेकांना खाऊन टाकतात. चवीचा मागमूसही उरलेला नाही. पूर्वजांना नवं धान्य वाहायच्या शरदातल्या विधीलाही ‘छांग’च म्हणत, नव्याच्या पुनवेशी नातं सांगणारा.

आता चार-चार अक्षरांच्या म्हणींकडे. सगळ्यात प्रसिद्ध ‘वो-शिन-छांग-तान’: सरपणावर निजणे, पित्त चाखणे. इ.स.पू. 494 मध्ये युए राज्याचा राजा कोउच्येन शेजारच्या वू राज्याकडून हरला. सुटून परत आल्यावर त्याने बसायच्या जागेपाशी पित्ताशय टांगून ठेवलं. बसता-उठता त्याकडे बघायचं, जेवताना ते चाखायचं, आणि स्वतःलाच विचारायचं, ‘तो अपमान विसरलास का?’ इ.स.पू. 473 मध्ये त्याने वू राज्य बुडवलं. गंमत म्हणजे सिमा छ्येन या जुन्या इतिहासकाराच्या ग्रंथात पित्त आहे, सरपण नाही. ते शतकांनी मागाहून कथेत आलं. मला विचाराल तर नसतं तरी चाललं असतं. गवतावर, जमिनीवर निजण्याची व्रतं आपल्याला नवीन नाहीत, पण ताटासमोर लोंबणारं पित्ताशय हे औरच. या राजाची तलवार 1965 मध्ये हूपेइ प्रांतातल्या एका थडग्यात सापडली, अजून धार असलेली, वर त्याचं नाव कोरलेली. वूहानच्या प्रांतिक संग्रहालयात आहे.

माझी आवडती कथा मात्र कासवाची. इ.स.पू. 605, चंग राज्य. छू राज्याकडून तिथल्या लिंग राजाला मोठं कासव भेट आलं. दरबारात निघालेल्या एका सरदाराची तर्जनी आपोआप थरथरली, तसा तो सोबत्याला म्हणाला, ‘हे बोट असं हललं की काहीतरी अप्रतिम चाखायला मिळतंच.’ आत जाऊन बघतात तर आचारी कासव कापतोय. दोघं एकमेकांकडे बघून हसले. राजाने कारण विचारलं, कळल्यावर वाढताना मुद्दाम त्याला वगळलं. सरदार उठला, रश्शाच्या तिपाई भांड्यात बोट बुडवलं, चाटलं आणि तडक निघून गेला. राजा त्याच्या जिवावर उठला, पण सरदारानेच आधी डाव साधून राजाचा काटा काढला. एका बोटभर रश्श्यापायी राजा गेला!

या एका प्रसंगातून दोन प्रयोग निघाले. तोंडाला पाणी सुटलं की ‘तर्जनी जोरात हलली’. आणि आपलं नसलेल्यात हात घातला की ‘रान-च्र’, बोट बुडवणे. खेळाच्या बातम्यांत हल्ली चषक जिंकण्यालाही ‘रान-च्र’ म्हणतात आणि भाषेचे राखणदार त्यावर चिडतात. मी राखणदारांच्या बाजूने आहे. हक्काने मिळवलेल्या चषकात बोट कशाला बुडवायचं?

बाकीच्या भराभर. ‘छांग-तिंग-यी-ल्वान’: भांड्यातला एक तुकडा चाखून सगळ्याचा अंदाज, म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. मुळातला विचार इ.स.पू. तिसऱ्या शतकातला. ‘छांग-ताओ थ्येन-थोउ’: एकदा फायदा चाखला की चटक लागते. ‘छ्येन-छांग-चअ-च्र’: वरवर चाखून सोडून देणे. आमच्यासारख्या हौशी लोकांना मास्तर लोक हीच म्हण ऐकवतात. शन्नुंग या पुराणपुरुषाने शंभर वनस्पती चाखल्या आणि एकेका दिवसात सत्तर विषं पचवली, ही गोष्ट औषधांच्या संदर्भात सतत भेटते.

चाखण्याचाच दुसरा शब्द ‘फिन’ (फळातला फ, फोटोतला नव्हे) अर्धाच झालाय. अक्षर सोपं, तीन तोंडं, दोनांवर एक रचलेली. ‘छांग’मध्ये कळायची घाई, ‘फिन’मध्ये रेंगाळणं आणि पारख. चहा नेहमी ‘फिन’ करतात. औषध कुणी ‘फिन’ करत नाही.

आता ‘वेइ’, म्हणजे चव. नीरस लेखाला ‘मेण चघळल्यासारखं’ म्हणतात. कन्फ्यूशियसला छी राज्यात शाओ संगीत ऐकल्यावर तीन महिने मांसाची चव कळली नव्हती, तीही याच गठ्ठ्यात. आणि चहावाल्यांचा ‘ह्वेइ-कान’: आधी तुरट-कडू, मग घशाशी परतून येणारी गोडी. आवळा खाऊन वर पाणी प्यायल्यावर येते तीच. आवळ्याचं चिनी नावच ‘यू-कान’, मागे उरलेली गोडी. ‘ह्वेइ-कान’च्या कार्डावर मराठी बाजू अजून कोरी आहे. ‘मागची गोडी’ लिहून बघितलं, बरं दिसत नाही. कोकणात किंवा देशावर यासाठी बोलीतला शब्द असेल तर कळवा.