641 पर्यंत पोचताना

4,29,49,67,297. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव, म्हणजे 2 चा 32वा घात अधिक 1. 2 च्या 1, 2, 4, 8, 16 अशा दुप्पट होत जाणाऱ्या घातांत 1 मिळवला की हिच्या आधीच्या 3, 5, 17, 257 आणि 65537 येतात; त्या मूळ संख्या आहेत. ही साखळी पुढेही मूळच राहील असं फ्रेंच गणिती फर्माला वाटत होतं. 1732 मध्ये स्विस गणिती ऑयलरने दाखवलं, हिला 641 ने भाग जातो.

फोंड्यातल्या आमच्या शाळेत नववीला हे सांगितलं, तेव्हा मागच्या बाकावरून एका मुलीचा प्रश्न आला, "सर, कॉम्प्युटर नसताना त्याला 641 सापडला कसा?" तोंडी उत्तर देण्यापेक्षा हातानेच करून बघावं असं ठरवलं. पणजीला जाता-येता कदंब बसमध्ये वही मांडीवर असायची, बाहेर आषाढातला पाऊस.

संख्येचं वर्गमूळ 65536 च्या किंचित पुढे. त्याखाली 6542 मूळ संख्या आहेत. एकेकीने भागत बसलो असतो तर चतुर्थी उजाडली असती. पण समजा, p या मूळ संख्येने भाग जातो. मग p ने भागल्यावर 2 च्या 32व्या घाताची बाकी −1, 64व्या घाताची 1, आणि त्याआधी 1 कुठेच येत नाही; म्हणजे बाकी 1 दर 64 घातांनीच येते. इकडे फर्माचं छोटं प्रमेय सांगतं की (p−1)व्या घाताची बाकी 1. म्हणून p−1 ही 64 ची पटच हवी. फर्माचा अंदाज फर्माच्याच प्रमेयाने मोडतो, हे मला फार सुंदर वाटतं.

64 च्या पटींत 1 मिळवत गेलो. 641 पर्यंत मूळ संख्या पाचच: 193, 257, 449, 577, 641. दहा अंकी भागाकाराचीही गरज नाही. 2 चा आठवा घात 256 घ्यायचा, वर्ग करून बाकी ठेवायची, पुन्हा वर्ग, शेवटी 1 मिळवायचा. 193 ला शेवटी बाकी 109 उरली, 257 ला 2. पुढच्या दोघींनीही भाग गेला नाही. मग 641. 256 च्या वर्गाची बाकी 154. 154 चा वर्ग 23716. आणि 641 गुणिले 37 बरोबर 23717! नेमका 1 कमी, आणि आपल्याला 1 मिळवायचाच आहे. बस बाणस्तारीला पोचली होती. मी ती ओळ पुन्हा पुन्हा तपासत होतो.

दुसरा अवयव 6700417. तो मूळ आहे का? इथे फ्रेंच गणिती एदुआर ल्युकाची सुधारणा कामी आली: p−1 ही 128 चीही पट असते. वर्गमूळ 2588 च्या आसपास, 641 च्या खालच्या आधीच बाद. उरल्या 641, 769, 1153, 1409. बाक्या 44, 120, 334, 622. चार भागाकारांत सात अंकी संख्या मूळ ठरली.

वर्गात फळ्यावर हे सगळं मांडल्यावर त्याच मुलीने पुढची संख्या विचारली, 2 चा 64वा घात अधिक 1. तिचा सगळ्यात लहान अवयव 274177, फ्रेंच गणिती लाँद्रीने 1880 मध्ये जाहीर केलेला. तो 256 च्या 1071व्या पटीत 1 मिळवून येतो. त्या पटी मुलांनी आपसांत वाटून घेतल्या आहेत.